वाळूच्या आश्रयाने

पुसनदीच्या काठी, महागावसारख्या तालुक्याच्या गावी ज्याचे आयुष्य गेले, त्याने कासवे पाहण्यासाठी रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासपर्यंत जावे, ह्याचे पुष्कळांना नवल वाटेल; परंतु वाळूत पुरलेला जीव माणसाच्या हातून कसा वाचतो, हे प्रत्यक्ष पाहण्याजोगी स्थळे थोडीच आहेत.

पहाटेच्या गस्तीस निघालेला कासवमित्र पुळणीवरील माग पाहून थांबतो. भरतीरेषेच्या वर, जेथून तो माग पुन्हा समुद्राकडे वळतो, तेथे वाळू चाचपतो, आणि भुसभुशीत जागा लागताच ओणवा होऊन ती हातांनी उपसू लागतो. सुमारे दीड फूट खोल, तोंडाशी अरुंद व तळाशी रुंद, मडक्यासारख्या त्या खड्ड्यात ऑलिव्ह रिडले कासवाची शंभरावर अंडी असतात. ती उलटीपालटी होऊ द्यावयाची नाहीत हा इथला दंडक. कारण काही तासांतच गर्भ कवचाच्या वरच्या बाजूस चिकटतो, आणि मग अंडे फिरले तर तो दगावतो. संरक्षणासाठी घातलेल्या कुंपणाच्या आत तशाच घडणीचा खड्डा करून अंडी ठेवली, नोंद केली, की पन्नासएक दिवस वाट पाहावयाची. वाळू उबदार असेल तर माद्या अधिक, थंड असेल तर नर अधिक. उन्हाळे चढत चालले असता ही धास्तीही क्षुल्लक नव्हे.

चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 साली येथे काम आरंभिले, त्यापूर्वी ही अंडी माणसे, कोल्हे व कुत्री फस्त करीत. मासेमारीच्या जाळ्यात अडकलेले कासव श्वासास वर येऊ न शकल्यामुळे बुडून मरते, हे संकट मात्र अद्याप टळलेले नाही.

हे पाहताना मन सारखे आमच्या पैनगंगेकडे ओढ घेत होते. पुस तिलाच मिळते, आणि ते पाणी पुढे गोदावरीस जाते. दक्षिणेतील अशा नद्यांत राहणारे लीथचे मऊ पाठीचे कासव 1872 साली पुण्याच्या नमुन्यावरून शास्त्रास ज्ञात झाले, आणि 2022 साली पनामा येथील परिषदेत त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक निर्बंध आले; निर्बंधाने तस्करीस काहीसा आळा बसेल, नदीची वाळू मात्र तशीच उपसली जाईल. मांसासाठी टाकलेले गळ, गुप्तधनाच्या लोभाने चाललेला वीस नखी कासवांचा शोध, कपाशीच्या शेतांतून वाहून येणारे कीटकनाशक, ही संकटे खरीच. तथापि जेथे अंडी घालावयाची तो काठच रेतीघाट म्हणून लिलावात जातो, तेव्हा वेळासला जी वाळू अंड्यांवर लोटली जाते तीच आमच्याकडे ट्रॅक्टरमध्ये भरली जाते.

म्हणून माझे आग्रहाचे म्हणणे एवढेच, की घाटाच्या लिलावापूर्वी महसूल खात्याने वनखात्याच्या साक्षीने काठाचा पंचनामा करावा, त्यात घरट्यांचीही नोंद असावी, आणि नदीची प्रत्येक डोह-उथळी ओळखणाऱ्या भोई मंडळींना त्या कामी मानधन देऊन सन्मानाने बोलवावे.