पंधराचा डबा, विसाचा जार

१५ लिटरचा पत्र्याचा डबा आणि २० लिटरचा प्लास्टिकचा जार, एवढेच हाताशी आहे. खूण कशावरच नाही. यांतून ४ लिटर पाणी मोजून काढायचे आहे. दिवसभर भरत-ओतत बसलात तरी ते निघणार नाही. १५ आणि २० दोन्ही पाचाच्या पटीत असल्यामुळे कितीही उलटापालट केली, तरी ५, १०, १५ असेच पाणी हाती लागते.

असा प्रश्न न सुटणारा आहे, हे आधीच ओळखण्याची रीत खानदेशाला परकी नाही. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याच्या मठाला दिलेल्या दानाची नोंद आहे. आजोबांचे ग्रंथ तिथे शिकवले जावेत, हा त्या मठाचा हेतू. त्यांपैकी ११५० च्या सुमाराच्या ‘लीलावती’त कुट्टकाचे, म्हणजे निःशेष भाग जाईल असा गुणक शोधण्याचे, प्रकरण येते. त्यात भांडी नाहीत, नुसते आकडे आहेत: २२१ ला कितीने गुणून ६५ मिळवले म्हणजे १९५ ने निःशेष भाग जाईल? तिघांनाही १३ ने भाग जातो, म्हणून आकडे १७, ५ आणि १५ इतके लहान होतात आणि उत्तर ५ येते. भाज्य-भाजकांना भागणारी संख्या क्षेपाला, म्हणजे मिळवायच्या संख्येला, भागत नसेल, तर तो प्रश्नच दुष्ट, असे भास्कराचार्य बजावतात. आपला डबा-जार नेमका त्यातला.

आता जार ठेवून फवारणीचा १६ लिटरचा पंप घेऊ. (कोरा घ्यावा, औषधाचा पंप पाण्याला लावू नये.) पंप भरून डब्यात ओतला की पंपात १ लिटर उरते. डबा रिकामा करून हे त्यात टाकायचे आणि पंप पुन्हा भरायचा. चौथ्या फेरीला पंपात बरोबर ४ लिटर राहतात. कुट्टकाच्या हिशेबाने गणित चोख आहे. पण भरले किती? ६४ लिटर. त्यातले ४५ जमिनीवर गेले.

धडगावला, म्हणजे अक्राणी तालुक्यात, हे उत्तर कोणी ऐकून घेणार नाही. उत्तरेला नर्मदा वाहते, पण पाडे सातपुड्याच्या उतारांवर विखुरलेले. जिथे नळ पोचलेला नाही, तिथे उन्हाळ्यात झऱ्याचे पाणी हंड्याने चढण चढून आणावे लागते, आणि ते बहुतेक बायकाच आणतात. याउलट १९९५ च्या ‘डाय हार्ड’ मालिकेतल्या सिनेमात नायक ३ आणि ५ गॅलनच्या कॅनमधून ४ गॅलन काढतो तेव्हा शेजारी कारंजे उडत असते. कोडी रचणाऱ्यांनी पाणी कायम फुकट धरले आहे.

याला एक जुना अपवाद आहे. तेराव्या शतकात जर्मनीतल्या श्टाडे गावच्या आल्बर्ट या मठाधिपतीने लिहून ठेवलेल्या कोड्यात ८ मापांचे भरलेले भांडे आणि ५ व ३ ची रिकामी भांडी असतात. चार-चार अशी वाटणी करायची. सात ओतण्यांत ती होते आणि थेंबही सांडत नाही. डोंगरात सांगावे असे कोडे हेच.

आपल्या जुन्या मापांत मात्र मापे न जुळण्याची अडचण फारशी येतच नसे. दोन निळव्यांचे कोळवे, दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली. प्रत्येक माप आधीच्याच्या दुप्पट किंवा चौपट. पायली गावागणिक बदलायची, मण कुठे बारा पायल्यांचा तर कुठे सोळांचा. पण घरातल्या घरात मापे एकमेकांत नेमकी बसत. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे आली आणि पुढे बाजाराने १५, १६, २० असे डबे आणून ठेवले. ते कोणी एकमेकांशी जुळवून केलेले नाहीत.

अब्राहम लूचिन्स या मानसशास्त्रज्ञाने १९४२ मध्ये भांड्यांच्याच कोड्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. २१, १२७ आणि ३ मापांच्या भांड्यांनी १०० काढायचे: मोठे भरून त्यातून एकदा २१ आणि दोनदा ३ वजा करायचे. अशी पाच-सहा कोडी झाल्यावर २३, ४९, ३ देऊन २० मागितले, तरी बहुतेकांनी जुनाच लांबचा रस्ता धरला. २३ मधून ३ काढले की काम भागते, हे सुचलेच नाही.

श्टाडेच्या कोड्यालाही असा जवळचा रस्ता आहे. आठाचे भांडे सरळ भिंतींचे, डब्यासारखे असेल, तर ते पाचाच्या भांड्यावर हळूहळू कलते करावे. पाण्याची रेघ एकीकडे काठाला आणि दुसरीकडे तळाच्या कडेला टेकली की थांबावे. चार आत राहिले, चार बाहेर गेले. सातऐवजी एकच ओतणे. कोडे घालणाऱ्याला ही युक्ती चालत नाही, आणि गोल पोटाच्या हंड्यालाही लागू पडत नाही. पत्र्याच्या डब्याला चालते.