भंगारातली लिथियम बॅटरी स्कूटरला बसवावी का? (एपिसोडचं लिखित रूप)

मागच्या एपिसोडनंतर सगळ्यात जास्त व्हॉइस नोट आल्या त्या एकाच प्रश्नाच्या. स्कूटरची लेड-अ‍ॅसिड बॅटरी गेलीय, भंगारात लिथियमचे मॉड्यूल स्वस्तात मिळतायत, बसवू का? उत्तर पुस्तकातून देता आलं असतं, पण गेल्या उन्हाळ्यात मी हेच करून बसलोय. तर तेच सांगतो.

माझे मामा निमगाव केतकीला असतात. रोज सकाळी इंदापूरला दूध घालायला जातात, त्यासाठी त्यांनी ती छोटी इलेक्ट्रिक स्कूटर घेतली होती. २५० वॉटच्या आतली, ताशी २५ किलोमीटरची, म्हणजे पासिंग नको, लायसन नको. दीड वर्षात तिची दमछाक झाली. जाताना ठीक, येताना ढकलत. बारामतीत एका भंगारवाल्याकडे तीनचाकीच्या पॅकमधून काढलेले मॉड्यूल होते. मामांचा फोन आला, "तू इंजिनिअर ना, बसवून दे." मी सॉफ्टवेअरवाला, हे सांगून काही उपयोग नसतो.

तसं आपल्या भागाला हे नवं नाही. बारामतीच्या एमआयडीसीत पियाजिओची आपे बनते, आता इलेक्ट्रिकसुद्धा. नीरा ओलांडून फलटणला गेलात की निंबकर कृषी संशोधन संस्था, म्हणजे नारी. तिथे डॉ. अनिल राजवंशींनी इलेक्ट्रिक सायकलरिक्षा बनवली आणि २००२ साली त्यावर 'करंट सायन्स'मध्ये पेपरही लिहिला. ती लेड-अ‍ॅसिडवर चालायची, आणि तेव्हाही खरी अडचण बॅटरीचीच होती. वजन जास्त, आयुष्य कमी. आणि रोज पूर्ण रिकामी केली की लेड-अ‍ॅसिड फार लवकर मरते. मामांच्या स्कूटरचं तेच झालं होतं.

आता गणित. मामांच्या स्कूटरमध्ये १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या, एकूण ४८. आम्ही आणलेली मॉड्यूल एलएफपी प्रकारची, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट. प्रत्येक सेल ३.२ व्होल्टचा, एका मॉड्यूलमध्ये चार सेल, म्हणजे १२.८ व्होल्ट. अशी चार एकापुढे एक जोडली की १६ सेल, ५१.२ व्होल्ट. पूर्ण चार्ज झाल्यावर ५८.४. चार काढा, चार घाला, इतकं सोपं दिसतं. फसायला होतं ते इथेच.

दुकानात भंगारवाल्यानं मल्टिमीटर लावून दाखवला, १३.२ व्होल्ट. "बघा, नवीनच आहे." मल्टिमीटर खोटं बोलत नव्हता, पण एलएफपीचा व्होल्टेज अर्ध्या चार्जला आणि जवळपास भरलेल्या चार्जला जवळजवळ सारखाच असतो. शिवाय किती साठा उरलाय, हे त्या आकड्यात येतच नाही. पाण्याच्या टाकीत वरून डोकावून पाणी कुठवर आहे ते दिसेल, पण तळाला गाळ किती साचलाय ते कसं दिसणार?

म्हणून भरून रिकामी करून मोजायची. आम्ही एक जास्तीचं धरून पाच मॉड्यूल घेतली. प्रत्येक पूर्ण भरलं, मग गाडीच्या हेडलाइटचे दोन हॅलोजन बल्ब लावले. दोन्ही मिळून साधारण १० अँपिअर खातात. मध्ये एक छोटा मीटर, जो किती अँपिअर-तास बाहेर गेले ते मोजतो. सगळ्यात कमजोर सेल २.८ व्होल्टला आला की थांबायचं. सेलवर ५० अँपिअर-तास छापलं होतं. चार मॉड्यूल ३७ ते ३९ मध्ये आली, पाचवं २४ वर बसलं. ते बाजूला.

मला वाटलं, झालं काम. पण मॉड्यूल भरून नुसती ठेवायची आणि तीन आठवडे हातही लावायचा नाही, ही पायरी लोक हमखास गाळतात. मामांचा रोज फोन, "झालं का रे?" तिसऱ्या आठवड्यात बाकी सगळे सेल ३.३ च्या आसपास आणि एका मॉड्यूलमधला एक सेल ३.१ वर. आकडा किरकोळ वाटेल, पण एलएफपीत त्याचा अर्थ तो सेल बराचसा रिकामा झालाय. काहीही न चालवता! म्हणजे आतल्या आत गळती. असा सेल चार्जिंगच्या वेळी इतरांबरोबर राहत नाही, आणि आतली बिघाडी कधी वाढेल याची खात्री नाही.

सीरिजमध्ये जोडलेले सेल म्हणजे उसाच्या गाडीची बैलजोडी. एक लंगडत असेल तर दुसरा कितीही दांडगा असून फायदा नाही. उलट सगळे थांबले तरी ओझं त्या लंगड्यावरच येतं. भरताना ताकदवान सेल भरायच्या आत कमजोर सेल ओसंडतो. रिकामं करताना तोच आधी तळाला जातो.

हे सांभाळायला बीएमएस असतं. प्रत्येक सेलवर नजर ठेवून ते वेळ आली की लाइन तोडतं. बरेच जण म्हणतात, बीएमएस लावलंय ना, मग जुनाच चार्जर चालेल. नाही चालत. लेड-अ‍ॅसिडचा चार्जर वेगळ्या व्होल्टेजला जातो, भरल्यावरही थोडा थोडा करंट देत राहतो, काही तर प्लेट साफ करायला झटके मारतात. बीएमएस ही शेवटची भिंत आहे, रोज ढकलायचं फाटक नाही. चार्जर लिथियमचा, १६ एलएफपी सेलसाठीचा, ५८.४ वर थांबणारा. आणि पॅकच्या अगदी तोंडाशी डीसी करंटसाठीचा फ्यूज, कारण मॉड्यूलच्या दोन टोकांना पाना टेकला तर शेकडो अँपिअर वाहतात. कोड चुकला तर जुन्या व्हर्जनवर जाता येतं. इथे ती सोय नाही. अंगठी, घड्याळ काढून ठेवा, पान्याला टेप गुंडाळा.

एलएफपी एनएमसीपेक्षा शांत, हे खरं. पण आतला वायू एलएफपीचाही पेट घेतोच. २०२२ च्या मार्चमध्ये पुण्यात रस्त्याकडेला पेटलेल्या स्कूटरचा व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. त्या वर्षीच्या अशा घटनांनंतर एआयएस-१५६ हे बॅटरीचं मानक कडक झालं, १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत. घरी जोडलेला पॅक त्या चाचण्यांच्या जवळपासही जात नाही. नोंदणी असलेल्या गाडीत असा बदल करायचा तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच, आणि काही झालं तर विमा कंपनी पहिला प्रश्न बॅटरीचा विचारेल.

जुन्या बॅटऱ्यांना दुसरं आयुष्य देऊच नये असं नाही. बेंगळुरूच्या नुनामनं आउडीच्या चाचणी गाड्यांतली मॉड्यूल ई-रिक्षांना बसवल्याची बातमी २०२२ मध्ये आली होती. पण त्यांना माहीत होतं की प्रत्येक मॉड्यूल कुठून आलंय, कसं वापरलंय. आपल्याला भंगारवाल्याचा शब्द.

तर हिशोब असा झाला. पाचपैकी तीन चांगली, लागतात चार. अजून दोन-तीन विकत घ्यायची, पुन्हा तीन आठवडे थांबायचं, त्यात बीएमएस, चार्जर, फ्यूज, पेटी. सगळं धरलं तर वॉरंटीच्या तयार पॅकपेक्षा वाचत होतं ते फार थोडं. तरी मी हट्टानं पुढे गेलो असतो, खोटं कशाला बोलू. पण एका संध्याकाळी मामीनं सहज विचारलं, "रात्री पडवीत चार्जिंगला लावलं तर चालेल ना? तिथंच आई झोपतात." मला हो म्हणता आलं नाही. ज्याला हो म्हणता येत नाही ते मी बसवणार कसं?

मामांनी चार्जरसकट तयार पॅक घेतला. तीन चांगल्यांपैकी एक मॉड्यूल, स्वतःचं बीएमएस आणि फ्यूज लावून, गोठ्यातले एलईडी दिवे चालवतं. तिथे करंट थोडा, हादरे नाहीत. खराब दोन मी नोंदणीकृत रिसायकलरकडे देणार आहे. बॅटरी कचऱ्याचे २०२२ चे नियम तेच सांगतात, आणि पुन्हा भंगारात टाकली तर ती कुणीतरी "नवीनच आहे" म्हणत विकणार.

मामी नवीन पॅकसुद्धा दिवसाच चार्ज करते, अंगणात, सावलीला. मी तिला समजवायला गेलेलो नाही.