अर्धा प्रकाश म्हणजे नक्की किती?

आजचा विषय आहे प्रोजेक्टरमधला करडा रंग. रुक्ष वाटतोय ना? पण प्रकाशाचे पट्टे टाकून दातांचं किंवा एखाद्या सुट्या भागाचं थ्रीडी स्कॅन करायचं असेल, तर सगळी मदार या करड्यावर असते.

बऱ्याच प्रोजेक्टरमध्ये डीएमडी नावाची चिप असते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या लॅरी हॉर्नबेक यांनी ती १९८७ मध्ये शोधली. तिच्यावर लाखो इवलेसे आरसे असतात. आरसा एका बाजूला कलला की प्रकाश पडद्यावर, दुसऱ्या बाजूला कलला की वाया. अर्धवट काही नाहीच!

मग करडा येतो कुठून? वेळेतून. सेकंदाला ६० चित्रं धरली, तर एका चित्राला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. या वेळेचे १, २, ४ असे दुपटीने वाढत १२८ पर्यंतचे आठ तुकडे पाडायचे. कुठल्या तुकड्यात आरसा चालू ठेवायचा, हे ठरवून ० ते २५५ अशा २५६ पायऱ्या मिळतात. आरसा हिशोबाला पक्का: दुप्पट वेळ, दुप्पट प्रकाश.

तरीही लॅपटॉपवरून १२८ पाठवलं, तर निम्मा प्रकाश मिळत नाही. मिळतो साधारण २२ टक्के! कारण फोटो आणि व्हिडिओ आपल्या डोळ्यांच्या सवयीनुसार ‘गॅमा’ लावून साठवलेले असतात, आणि प्रोजेक्टर आलेल्या आकड्याचा साधारण २.२ वा घात करून तो उलगडतो. सिनेमाला हे उत्तम. स्कॅनरला मात्र घातक. त्याला गुळगुळीत साइन लाटेसारखे पट्टे हवे असतात. गॅमाने लाटेचा आकार बिघडतो आणि सपाट भिंतही स्कॅनमध्ये वळ्या पडल्यासारखी दिसते.

उपाय काय? आधी मेनूत जाऊन डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, रंग खुलवणारे मोड, सगळं बंद करा. गॅमा १.० करता आला तर उत्तमच. पण मेनूवर भिस्त ठेवू नका, मोजा. अंधाऱ्या खोलीत लाइट मीटर एका जागी पक्का ठेवा आणि ० ते २५५ करडे आकडे टप्प्याटप्प्याने टाकून नोंदी करा. शून्यालाही थोडा प्रकाश गळतो, तो प्रत्येक नोंदीतून वजा करा. मग तक्ता उलटा वाचा: निम्मा प्रकाश हवा, तर कुठला आकडा पाठवायचा? गॅमा २.२ असेल तर उत्तर येतं १८६.

शेवटची मेख कॅमेऱ्याची. एक्स्पोजर १/६० किंवा १/३० सेकंद ठेवा, म्हणजे आरशाची पूर्ण फेरी टिपली जाईल. १/१००० ठेवलं तर त्यातले एखाददोन तुकडेच हाती लागतील आणि मेहनतीने केलेला तक्ता फुकट जाईल. खात्री करायचीय? मोबाइलच्या प्रो मोडमध्ये शटर वेगवान करून प्रोजेक्टरचा करडा पडदा टिपा. डोळ्यांना एकसारखा दिसणारा तो पडदा फोटोत पट्ट्यापट्ट्यांचा दिसेल.

भेटू पुढच्या भागात!