वाटीभर पेजेचं गणित

इंजिनिअरिंग कॉलेजच्या मासिकात नाचणीच्या पेजेवर लेख बघून ‘होम सायन्सचं पान चुकून इथे आलं की काय’ असं कुणाला वाटलं, तर नवल नाही. पण हा लेख खरं म्हणजे फ्लुइड मेकॅनिक्सचा आहे. व्हिस्कॉसिटी हा शब्द आपण पाठ करतो, प्रॅक्टिकलला तेल तापवून ती मोजतो आणि जर्नलवर सही झाली की विसरून जातो. एन.एस.एस.च्या शिबिराला जव्हार तालुक्यात गेलो, तेव्हा मला ती परत भेटली.

आधी थोडे आकडे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी निघाली. २०१५-१६ च्या फेरीत हाच आकडा ३४.४ होता. म्हणजे मधल्या काळात आपण जागच्या जागीच. सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांपैकी ६८.९ टक्क्यांच्या अंगात रक्त कमी होतं. जव्हारचं नाव तर १९९२-९३ साली वावर-वांगणीच्या बालमृत्यूंमुळे देशभर गेलं होतं. मुलाची उंची आणि मेंदूची वाढ यांचा मोठा भाग पहिल्या दोन वर्षांत उरकतो. तेव्हा राहून गेलेलं नंतर भरून काढणं फार कठीण. ए.टी.के.टी.ची सोय तिथे नाही.

आता कोडं असं, की याच डोंगरात नागली पिकते. (आपण कोकणात नाचणी म्हणतो ती.) वरई पिकते, उडीद होतो, घराशेजारी शेवगा असतो, पावसाळ्यात भातखाचरात खेकडे आणि बारीक मासळी मिळते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली काढलेल्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम नागलीत साधारण ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. तांदळात दहासुद्धा नाही. ‘नाचणीत दुधाच्या तिप्पट कॅल्शियम’ हे वाक्य तुम्ही पाकिटावर वाचलं असेल, ते याच हिशोबातून येतं. पण त्यात एक मेख आहे. कोरड्या धान्याची तुलना पातळ दुधाशी केलेली असते आणि बाळ काही कोरडी नागली खात नाही, ते पेज पितं.

तर त्या पेजेचा हिशोब मांडू. बाळाच्या जठरात एका वेळी वजनाच्या दर किलोमागे साधारण ३० मिलिलिटर मावतं. सात किलोच्या बाळाला म्हणजे २०० मिलिलिटर, एक वाटी. पातळ पेजेत १०० मिलिलिटरला ५ ग्रॅम पीठ धरलं तर सुमारे १६ कॅलरी मिळतात. वाटीला ३२. दिवसातून तीनदा पाजली तरी शंभराच्या आत. आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे वर्षाच्या पुढच्या मुलाला आईच्या दुधाशिवाय वरच्या अन्नातून साधारण ५५० कॅलरी लागतात. कॅल्शियमचंही तेच. त्या ५ ग्रॅमात १८ मिलिग्रॅम! बाळाचं पोट भरतं, ते शांत झोपतं आणि तरीही उपाशी असतं. आई खायला घालत नाही असं कुणीही म्हणणार नाही, कारण ती घालतेच आहे.

मग पेज घट्ट का करत नाहीत? हे मी तिथल्या एका आजींना विचारलं. त्या म्हणाल्या, “घट्ट केली की घशात अडकते, पोर थुंकून टाकतं.” उत्तर अगदी बरोबर आहे. पीठ पाण्यात शिजलं की स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात आणि एकमेकांत अडकतात. पीठ दुप्पट केलं तर घट्टपणा दुप्पट होत नाही, कितीतरी पटींनी वाढतो. दात नसलेल्या बाळाला तो गोळा गिळता येत नाही.

यावरचा उपाय कुठल्या प्रयोगशाळेत जन्मलेला नाही. धान्याला मोड आले की त्यात अमायलेज नावाचं एन्झाइम तयार होतं आणि ते स्टार्चच्या लांब साखळ्या तोडतं. साखळ्या तुटल्या की घट्टपणा उतरतो. म्हणून मोडाच्या नागलीचं पीठ १०० मिलिलिटरला २० ग्रॅमपर्यंत घातलं तरी पेज चमच्यावरून ओघळते. वाटीला ३२ च्या जागी १२८ कॅलरी, वर चमचाभर तेल घातलं की आणखी ४५. तीन वाट्यांत पाचशेच्या वर गेलो! बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात डॉ. तारा गोपालदास यांनी अशा पिठावर बरंच काम केलं. त्यातली सोय अशी, की सगळं पीठ मोडाचं असायची गरज नसते. साध्या पिठाच्या घट्ट, जरा निवालेल्या पेजेत चमचाभर मोडाचं पीठ ढवळलं तरी काही मिनिटांत ती सैल होते. मग परत एक उकळी द्यायची.

करायचं एवढंच: नागली रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून दीड-दोन दिवस मोड आणायचे, उन्हात वाळवायची, कोंब चोळून काढायचे, हलकी भाजायची आणि दळायची. हलकीच. खमंग वासाच्या नादात करपवली तर अमायलेज मरतं आणि सगळी मेहनत पाण्यात. मोडामुळे नागलीतलं फायटेटही कमी होतं, त्यामुळे लोह अंगी लागायला मदत होते. शेवग्याच्या पाल्याच्या भाजीवर लिंबू किंवा कैरी असली तर तेही त्याच कामाला येतं. जेवणावर चहा मात्र उलटं काम करतो. (होस्टेलवाल्यांनीही नोंद घ्यावी.)

आता शिकवायचं कसं? सफरचंद, द्राक्षं आणि दुधाचा ग्लास छापलेला ‘संतुलित आहार’चा तक्ता भिंतीवर लावून काही होत नाही. त्यातून आईला एवढंच कळतं, की चांगलं खाणं आपल्या आवाक्याबाहेरचं आहे. याबाबतीत व्हिएतनामचं उदाहरण मला फार आवडतं. १९९० च्या सुमारास जेरी आणि मोनिक स्टर्निन हे दांपत्य तिथल्या थान होआ प्रांतात गेलं. त्यांनी आजारी मुलं शोधण्याऐवजी गरीब असूनही धडधाकट असलेली मुलं शोधली. त्यांच्या आया भातखाचरातले बारीक झिंगे, खेकडे आणि रताळ्याचा पाला मुलांच्या जेवणात घालत होत्या आणि थोडंथोडं, पण जास्त वेळा भरवत होत्या. मग त्याच बायकांच्या बरोबरीने बाकीच्या आया रांधू लागल्या. शिकवणारी शेजारीण असली की ‘आमच्याने होणार नाही’ म्हणायला जागाच उरत नाही.

पण नुसत्या शिकवण्याने सगळं होईल असंही नाही. आवणीच्या दिवसांत आई सकाळी शेतावर जाते ती संध्याकाळी येते, बाळ सात वर्षांच्या बहिणीपाशी. तीनदा भरवणार कोण? दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात आणि पाड्यावरची अंगणवाडी मागे राहते. एकेका घराने चार मुठी नागली भिजवत बसण्यापेक्षा बचत गटाने एकदम वीस किलोला मोड आणले, तर भट्टीवर जाताना प्रत्येकीला एक डबा बांधून देता येईल.

अडतं ते दळणावर. पाड्यापासून गिरणी लांब आणि जात्यावर वीस किलो दळायचं म्हणजे दिवस मोडतो. तेव्हा फायनल इयरच्या मंडळींनो, प्रोजेक्टचा विषय शोधत असाल तर पायडलवर चालणारी छोटी गिरणी घ्या. रीडिंग तीनच घ्यायची: तासाला किती किलो दळलं, पीठ किती गरम झालं आणि चालवणारी बाई किती दमली.