न झालेल्या फौजेचा रंग

जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत विश्वासरावांवर सुटलेली गोळी कानाजवळून निघून जाते, मराठे १७६१ ची लढाई जिंकतात आणि हिंदुस्थानचा इतिहास वेगळी वाट धरतो. ती फौज विसाव्या शतकापर्यंत टिकली असती, तर तिच्या रणगाड्यांचा रंग कोणता असता, त्यांवर खूण कसली असती, हा प्रश्न ती कथा वाचली तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही. असे काल्पनिक रणगाडे रंगवायचे म्हटले की हात पहिल्यांदा भगव्याकडे जातो आणि तो अंगभर फासला जातो. मला ते पटत नाही. खऱ्या फौजांनी मागे काय ठेवलं आहे ते आधी पाहायला हवं, आणि त्याची सुरुवात बारामती तालुक्यातल्या सुप्यापासून करता येते.

पुणे आणि सुपे हे शहाजीराजांच्या जहागिरीतले परगणे. सुपं होतं संभाजी मोहिते या शिवरायांच्या सावत्र मामांकडे. १६५६ च्या सुमारास शिवराय शिमग्याचं पोस्त मागायच्या निमित्ताने तिथे गेले, मामांना कैद केलं आणि त्यांची तीनशे घोड्यांची पागा ताब्यात घेतली, असं बखरकार सांगतात. एका सणाच्या दिवशी तीनशे घोड्यांचा धनी बदलला. घोडी तीच, लगाम तेच. फौज कोणाची हे सांगायला निशाण लागतं ते याचसाठी. त्यात बारगिराला घोडं सरकारी आणि शिलेदाराचं घोडं-हत्यार स्वतःचं, त्यामुळे सगळ्यांचा एक पोशाख, एक रंग हा विचारच त्या फौजेत नव्हता. ओळख पटायची ती भगव्या झेंड्याने, पुढे जरीपटक्याने आणि ज्या त्या सरदाराच्या निशाणाने. शिंद्यांच्या निशाणावर नाग होते. महादजी शिंद्यांच्या कवायती पलटणी उभ्या करणारा द बॉयन युरोपातल्या सव्हॉयचा, म्हणून त्या पलटणींवर सव्हॉयचा पांढरा क्रूस फडकत होता. मराठी फौजेवर पांढरा क्रूस! कल्पनेने रंगवणाऱ्याला हे सुचलं नसतं.

हत्याराला नाव आणि रूप देण्याची हौस मात्र दख्खनला फार जुनी. मुलूखमैदान तोफ १५४९ साली अहमदनगरला ओतली गेली. तिचं तोंड म्हणजे हत्तीला जबड्यात धरलेला सिंह. निजामशाहीची ही तोफ पुढे परांड्याहून विजापूरला गेली आणि आज तिथल्या बुरुजावर आहे. याच नगरात, आताच्या अहिल्यानगरात, १९९४ साली रणगाडा संग्रहालय सुरू झालं.

नारळीकरांच्या कथेतला फाटा पानिपतावर फुटतो. खुणांच्या हिशेबाने मला तो १८१७ मध्ये दिसतो. त्या वर्षीच्या जूनमधल्या पुणे करारानुसार पेशव्यांच्या खर्चाने पण इंग्रजांच्या हुकमतीखाली एक घोडदळ उभं राहिलं, पूना ऑक्झिलिअरी हॉर्स. ५ नोव्हेंबरला इंग्रजांशी झालेल्या खडकीच्या लढाईत पेशव्यांचा जरीपटका मोरो दीक्षितांकडे होता. आदल्या धामधुमीत त्याची काठी मोडली, लोकांनी अपशकुन मानला, आणि दीक्षित त्याच दिवशी रणात पडले. १ जानेवारी १८१८ ला कोरेगावात हे नवं घोडदळ कंपनीच्या बाजूने लढलं. पेशव्यांच्या खर्चाने उभे राहिलेले स्वार दुसऱ्याच निशाणाखाली होते. १८५७ च्या फेब्रुवारीत इराणमध्ये खुशाबच्या लढाईत याच घोडदळाला शत्रूचं निशाण मिळालं. त्याच्या टोकाला चांदीचा पंजा होता. तो पंजा पूना हॉर्सने आपला मानून आजवर जपला आहे.

पुढे घोडी गेली, सेंच्युरियन रणगाडे आले, नावात पुणे राहिलं. सप्टेंबर १९६५ मध्ये फिलोरा-चविंडाच्या लढाईत या रेजिमेंटचे कमांडिंग ऑफिसर आर्देशिर तारापोर धारातीर्थी पडले. त्यांचा पूर्वज शिवरायांच्या फौजेत होता, असं त्यांच्या घराण्याविषयी सांगतात. १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत पुण्यात जन्मलेले एकवीस वर्षांचे अरुण खेत्रपाल पेटलेला रणगाडा सोडून उतरले नाहीत. युद्ध सुरू झालं तेव्हा ते नगरलाच प्रशिक्षण घेत होते. दोघांनाही मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. खेत्रपालांच्या रणगाड्याचं नाव होतं ‘फामागुस्ता’, सायप्रसमधल्या एका शहराचं. तो रणगाडा आज अहिल्यानगरलाच आहे. त्या नावाला माझा नमस्कार. पण आपल्या न झालेल्या फौजेत त्या जागी ‘मुलूखमैदान’सारखं नाव असतं, याबद्दल मला शंका नाही.

खुणांची पद्धत मी ब्रिटिशांचीच घेईन, कारण ती रणात उपयोगाची ठरलेली आहे. मुख्यालयाला हिऱ्याचा आकार, पहिल्या स्क्वाड्रनला त्रिकोण, दुसऱ्याला चौकोन, तिसऱ्याला वर्तुळ. दुसऱ्या महायुद्धात ब्रिगेडमधल्या ज्येष्ठ रेजिमेंटच्या खुणा लाल, दुसरीच्या पिवळ्या, तिसरीच्या निळ्या असत. हिरा हुजुरातीला, म्हणजे खाशा फौजेला, शोभेल. शिंद्यांचा नाग पुढच्या पत्र्यावर, तोही वितीएवढाच. भगवा फक्त एरियलवर, आणि गोळीबाराच्या पल्ल्यात शिरायच्या आधी तोही उतरवलेला. १९४१ च्या सुमारास आफ्रिकेच्या वाळवंटात ब्रिटिशांनी ओळखीसाठी रणगाड्यांवर पांढरे-लाल पट्टे काढले होते. ओळख आणि लपणं यांची ओढाताण कोणत्याच फौजेला चुकलेली नाही.

आता मुख्य रंग. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा उभा असतो तो दिसतच नाही. पाठीचा तांबूस भुरा रंग वाळल्या गवतात मिसळतो, पोटाखालचा पांढरा सावली पुसून टाकतो, आणि कान हलला तरच कळतं की तिथे जनावर आहे. जर्मनांनी फेब्रुवारी १९४३ मध्ये रणगाड्यांचा राखाडी रंग सोडून गडद पिवळा घेतला आणि त्यावर तपकिरी-हिरवे फराटे ज्या त्या मुलखाप्रमाणे तुकडीलाच मारू दिले. आपल्याला तेवढंही दूर जायला नको. चिंकाऱ्याचा भुरा अंगभर, वर मुरमाचे तांबडे फराटे आणि तोफेच्या नळीखाली फिका रंग. दख्खनच्या पठारावर यापेक्षा चांगलं काही सुचत नाही.

पावसाळ्यात हेच माळ हिरवे होतात, तेव्हा काय, असं कोणी विचारेल. जर्मन रशियात हिवाळ्यापुरता चुन्यासारखा धुऊन निघणारा पांढरा रंग द्यायचे, तसा इथे हिरवा देता येईल. पण मराठी फौजेची मोहीम दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघायची, आणि तोवर सुप्याच्या माळावरचं गवत पिवळं पडू लागलेलं असतं. हिरवा हात छावणीतल्या दिवसांपुरता पुरे, मोहिमेचा रंग भुराच.