पापलेट मोजायची पट्टी

2023च्या नोव्हेंबरात महाराष्ट्र सरकारनं 54 जातींच्या मासळीचं किमान आकारमान ठरवून दिलं. पापलेट 135 मिलिमीटर, बोंबील 180, सुरमई 370. त्याहून लहान पकडायची नाही. पापलेटला राज्यमाशाचा मान मिळून तेव्हा दोनच महिने झाले होते. बाजारात पापलेट घेताना आपण कल्ला उचलून लाली बघतो, पोट दाबून बघतो. 135 हा आकडा आला कुठून, हे मात्र कुणी विचारत नाही. या मापांची शिफारस केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेची. संस्था 1947ची, मुख्यालय कोचीला, मुंबईतलं केंद्र वर्सोव्याला. काम मात्र सुरू होतं धक्क्यावर.

ससून डॉकच घ्या. पहाटे बोटी लागलेल्या, बर्फाचं पाणी पायाखाली, लिलावाचा गलका. त्या गर्दीत संस्थेचा एक माणूस वही घेऊन उभा असतो. आज इथं यायचं हे त्यानं स्वतः ठरवलेलं नसतं. महिन्यातले दिवस चिठ्ठी टाकावी तसे निवडलेले असतात. मासळी भरपूर येते त्याच दिवशी गेलं तर आकडे फुगतील, म्हणून ही खबरदारी. पहिल्या दिवशी दुपारी बारा ते सहा, दुसऱ्या दिवशी सकाळी सहा ते बारा आणि मधल्या रात्रीचा हिशोब विचारपूस करून, असे त्याचे चोवीस तास भरतात. बोटी जास्त असल्या तर त्यांतल्याही काहीच तपासायच्या. किती दिवस समुद्रात होता, जाळं कुठलं, कुठल्या जातीच्या किती टोपल्या, हे तांडेलाला, म्हणजे बोटीच्या म्होरक्याला, विचारून नि डोळ्यांनी बघून लिहायचं. अशा तुकड्यांवरून अख्ख्या राज्याचा अंदाज निघतो. 2019 साली महाराष्ट्राची मासळी 2.01 लाख टनांवर घसरली, पंचेचाळीस वर्षांतला नीचांक, हे कळलं ते याच वह्यांमधून.

मग पट्टी बाहेर येते. पापलेट शेपटीच्या टोकापर्यंत मोजत नाहीत. ती टोकं नाजूक, ओढाताणीत तुटतात. म्हणून तोंडापासून शेपटीच्या दुभंगापर्यंतचं माप. एक मासा मोजून काही कळत नाही. शेकडो मोजावे लागतात, तेही लिलाव संपायच्या आत.

एवढे कशासाठी? वय काढायला. माशाच्या कानात बारीक दगड असतात, त्यांवर झाडाच्या खोडासारखी वलयं धरतात. थंड समुद्रात ती वर्षागणिक स्पष्ट उमटतात. आपल्याकडे कडक हिवाळा नसल्यामुळे पुसट राहतात. मग दुसरी वाट. समजा, या महिन्यात 80 मिलिमीटरच्या आसपासची पिल्लं सर्वांत जास्त मिळाली नि पुढच्या महिन्यात गर्दी 95 ला सरकली, तर वाढ किती ते समजलं. एका वर्गातली पोरं दरवर्षी दारावर उंची मोजून घेतात, तसंच हे.

काही मासे विकत घेऊन प्रयोगशाळेत नेतात. तिथं पोट चिरलं की दोन गोष्टी बघायच्या. एक, खाल्लंय काय. बोंबलाच्या पोटात जवळा सापडतो, आणि कधी कधी चक्क धाकटा बोंबीलही. दुसरी, गाबोळी. ती पातळ पारदर्शक आहे, दाणेदार झाली आहे की अंडी सोडून ढिली पडली आहे, यावरून मासा वयात आला का ते ठरतं. ज्या लांबीला निम्मे मासे वयात आलेले दिसतात ते माप महत्त्वाचं. त्याआधी पकडलेल्या बहुतेक माशांनी एकदाही अंडी घातलेली नसतात. कायद्यातला आकडा मात्र यावरून जसाच्या तसा उचलत नाहीत. एका जाळ्यात दहा जाती येतात, व्यवहारही बघावा लागतो. मला विचाराल तर 135 सौम्यच आहे. एवढं पापलेट हाताच्या पंजाहूनही लहान.

आकडा घेऊन कोळीवाड्यात सभेला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला: जाळं काय पट्टी घेऊन बसतं? प्रश्न रास्त आहे. बोटीनं ओढायच्या ट्रॉल जाळ्यापुरतं त्याचं उत्तर आसाच्या, म्हणजे जाळ्याच्या भोकाच्या, आकारात आहे. नेहमीचा आस हिऱ्यासारखा तिरका. जाळं ओढताना ताण आला की तो मिटतो आणि पिल्लू आतच अडकतं. 40 मिलिमीटरचा चौकोनी आस ताणातही उघडा राहतो. डोल या जाळ्याची गोष्ट वेगळी. ती ओढत नाहीत, भरतीओहोटीच्या ओढीवर एका जागी उभी असते; तिथं हे उत्तर जसंच्या तसं लागू पडत नाही, आणि सभेतले डोलकर ते लगेच बोलून दाखवतात.

ट्रॉलवाल्यांनाही नुसतं बोलून पटत नाही, कारण पिल्लांबरोबर विकाऊ माल गेला तर डिझेलचे पैसे कोण देणार? म्हणून खोल्यावर, म्हणजे जाळ्याच्या शेवटच्या पिशवीवर, बाहेरून बारीक आसाचं दुसरं जाळं चढवून ओढ घेतात. आतून निसटलेलं सगळं त्यात जमतं. ओढ संपली की दोन्ही डेकवर वेगवेगळी रिकामी करायची. आत राहिलेल्या ढिगाकडे बोटीवरचं कुणी फारसं बघत नाही. सगळे दुसऱ्या ढिगाभोवती बसतात आणि त्यात विकण्याजोगं काही गेलंय का ते हातानं चाळून बघतात.