फळ्यावर न येणारी बातमी

माध्यमिक शाळेचा दिवस परिपाठाने सुरू होतो. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, सुविचार, दिनविशेष आणि त्यानंतर ठळक बातम्या. शेवटी येते ती सगळ्यांच्या आवडीची गोष्ट, म्हणजे अभिनंदन. कोणी राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षेत उत्तीर्ण झालेले असते, कोणाची होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेच्या पुढच्या फेरीसाठी निवड झालेली असते, कोणाची कबड्डीची टीम तालुक्यातून जिल्ह्यावर गेलेली असते. टाळ्या वाजतात, नावे दर्शनी फळ्यावर लिहिली जातात आणि दिवसभर येता-जाता मुले ती वाचत राहतात.

मुळशी तालुक्यात हे चित्र पौडला दिसेल तसेच कोळवण, माले किंवा घोटावड्यालाही दिसेल. तालुका एकच, पण त्याची दोन टोके फार वेगळी आहेत. पूर्वेला हिंजवडीची आयटी कंपन्यांची वसाहत, तर पश्चिमेला ताम्हिणीचा घाट आणि राज्यातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी काही गावे. एका टोकाच्या मुलांना शाळेची बस दारातून नेते. दुसऱ्या टोकाची मुले वाडीवरून उतरून एसटी गाठतात. सकाळी लवकर निघायचे म्हणून पोटात बऱ्याचदा कपभर चहा आणि दोन बिस्किटे एवढेच गेलेले असते.

याच परिपाठात अधूनमधून एक वेगळी घटना घडते. उभ्या रांगेतली एखादी मुलगी पांढरी पडते, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि ती खाली बसते. मैत्रिणी पाणी देतात, बाई तिला वर्गात नेऊन झोपवतात. अर्ध्या तासात ती बरी होते. ही घटना फळ्यावर येत नाही आणि यायचे कारणही नाही. पण तिच्यामागचे कारण मात्र शाळेच्या सगळ्या अभिनंदनांशी जोडलेले असू शकते.

चक्कर येण्याची कारणे अनेक असतात. बराच वेळ एका जागी उभे राहिले की रक्त पायांकडे साचते, मेंदूकडे जाणारा पुरवठा क्षणभर कमी पडतो. रिकामे पोट, उकाडा आणि कमी झोप यांनी त्यात भर पडते. त्यामुळे रांगेत चक्कर आलेल्या प्रत्येक मुलीला रक्तक्षय आहे, असे मुळीच नाही. उलट खरा रक्तक्षय सहसा इतका गाजावाजा करत नाही. तो हळूहळू येतो आणि मुलगी त्याला सरावते. जिना चढताना दम लागतो, दुपारच्या तासाला जांभया येतात, खेळाच्या तासाला ती कडेला बसते. घरी म्हणतात, ‘आळशी झाली आहे’. शाळेत म्हणतात, ‘लक्ष नसते’.

रक्तातला लाल रंग हिमोग्लोबिनचा. त्याच्या प्रत्येक रेणूत लोहाचे चार अणू असतात आणि फुप्फुसांत घेतलेला प्राणवायू त्यांनाच चिकटून शरीरभर फिरतो. शरीरातले बहुतांश लोह याच कामाला लागलेले असते. उरलेले साठ्यात असते किंवा स्नायू आणि मेंदूतल्या रासायनिक क्रियांमध्ये वापरले जाते. लक्ष एकाग्र करणे, आठवणे, चटकन प्रतिसाद देणे यांच्याशी संबंधित मेंदूतली संदेशवाहक रसायने तयार होण्यासाठीही लोह लागते. म्हणजे लोह कमी पडले तर फक्त पाय थकतात असे नाही, अभ्यासही थकतो.

नेमक्या माध्यमिक शाळेच्या वयात लोहाची गरज वाढते. उंची झपाट्याने वाढत असते, स्नायू आणि रक्ताचे प्रमाण वाढत असते. मुलींच्या बाबतीत मासिक पाळी सुरू झालेली असते आणि दर महिन्याला काही लोह शरीराबाहेर जाते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2020 च्या शिफारशींनुसार 13 ते 15 वर्षांच्या मुलीला आहारातून रोज 30 मिलिग्रॅम लोह मिळायला हवे. त्याच वयाच्या मुलाला 22 मिलिग्रॅम. आपल्या घरात मात्र वाढण्याचा क्रम बऱ्याचदा उलटा असतो. भाजीचा मोठा वाटा मुलाकडे जातो आणि मुलगी आईबरोबर शेवटी जेवते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019 ते 2021 या काळात, देशातल्या 15 ते 19 वयोगटातल्या 59.1 टक्के मुलींमध्ये आणि 31.1 टक्के मुलग्यांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याआधी 2016 ते 2018 मध्ये झालेल्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात 10 ते 19 वयोगटातल्या 40 टक्के मुली आणि 18 टक्के मुलगे रक्तक्षयाचे निघाले. दोन आकड्यांत एवढी तफावत का? वयोगट वेगळे होते हे एक कारण. दुसरे कारण मोजणीचे. पहिल्या पाहणीत बोट टोचून काढलेल्या थेंबावर तपासणी झाली, दुसरीत शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत मोजणी झाली. बोट जोरात दाबले तर थेंबात रक्ताबरोबर ऊतींमधला द्रवही येतो आणि आकडा बदलतो. कोणताही आकडा घेतला तरी एक गोष्ट पक्की राहते. चाळीस मुलींच्या वर्गात हा प्रश्न एकदोघींचा नाही. सर्वात कमी अंदाज धरला तरी पंधरा-सोळा जणींचा आहे.

याचा अभ्यासाशी संबंध आहे का, हे तपासण्याचे प्रयत्न शाळांमध्येच झाले आहेत. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरातल्या माध्यमिक शाळांमधल्या मुलींवर झालेला एक अभ्यास 1996 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. या मुलींचे हिमोग्लोबिन ठीक होते, पण शरीरातला लोहाचा साठा कमी होता. निम्म्या मुलींना आठ आठवडे लोह दिले, बाकीच्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. आठ आठवड्यांनी लोह घेतलेल्या मुलींची शब्द शिकून लक्षात ठेवण्याची चाचणी अधिक चांगली झाली. म्हणजे रक्तक्षयाची पायरी गाठण्यापूर्वीच साठा घटला की स्मरणावर परिणाम होऊ शकतो.

दुसरा प्रयोग आपल्या अगदी जवळचा, अहमदनगर म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या निवासी शाळांमधला. तिथे 12 ते 16 वर्षांच्या मुलामुलींना सहा महिने बाजरीची भाकरी खायला दिली गेली. एका गटाची बाजरी नेहमीची, दुसऱ्या गटाची जास्त लोह असलेल्या ‘धनशक्ती’ या वाणाची. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि हैदराबादजवळची ‘इक्रिसॅट’ ही संस्था यांच्या कामातून आलेले हे वाण. 246 मुलांच्या या चाचणीत जास्त लोहाची भाकरी खाणाऱ्यांचा लोहाचा साठा सुधारला. ज्यांना सुरुवातीला कमतरता होती त्यांना सर्वाधिक फायदा झाला. त्यातल्याच 140 मुलांच्या संगणकावर लक्ष आणि स्मरणाच्या चाचण्या घेतल्या. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यातही जास्त लोहाची बाजरी खाणारी मुले पुढे होती. शिकवणी तीच, पुस्तके तीच, फक्त भाकरी बदलली होती.

मुळशी हा भाताचा मुलूख. इथला आंबेमोहर प्रसिद्ध आहे. पण पॉलिश केलेल्या पांढऱ्या भातात लोह फारसे उरत नाही. डोंगराकडच्या भागात एकेकाळी रोजची असलेली नाचणी आता अनेक घरांत क्वचित शिजते. आणखी एक धोका भातखाचरातच असतो. ओल्या मातीत अनवाणी चालताना अंकुशकृमीच्या अळ्या पायाच्या त्वचेतून शरीरात शिरतात, आतड्याला चिकटतात आणि रक्त शोषत राहतात. उघड्यावर शौचाला जाणे कमी झाले की हा प्रादुर्भावही घटतो, पण लावणीच्या दिवसांत चिखलात राबणाऱ्या मुलांसाठी तो पूर्ण संपलेला नाही. वर्षातून दोनदा शाळेत जंतनाशक अल्बेंडाझोलची गोळी देतात ती यासाठी. 400 मिलिग्रॅमची ही गोळी चावून खायची असते.

दुसरी गोळी निळी. ‘अॅनिमियामुक्त भारत’ कार्यक्रमात 10 ते 19 वर्षांच्या मुलामुलींना आठवड्यातून एकदा 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असलेली गोळी शाळेतून मिळते. गोळी फुकट, शाळेत हजर, तरीही ती कित्येकदा दप्तराच्या कप्प्यात किंवा खिडकीबाहेर जाते. कारण साधे असते. रिकाम्या पोटी घेतल्याने कोणाला तरी मळमळते, शौचाला काळे होते आणि दुसऱ्या दिवशी वर्गभर बातमी पसरते की गोळीने त्रास होतो. शौचाचा काळा रंग म्हणजे न शोषले गेलेले लोह. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. मधल्या सुट्टीत डबा खाल्ल्यानंतर, बाईंच्या किंवा सरांच्या समोर पाण्याबरोबर गोळी घेतली की मळमळही बरीच कमी होते. शिक्षकांनी स्वतः समजावून सांगितले तर मुले ऐकतात.

डब्याचा प्रश्न मात्र गोळीने सुटत नाही. शाळेतली पोषण आहार योजना पहिली ते आठवीपर्यंतच आहे. मुलगी नववीत गेली की खिचडीचे ताट थांबते. म्हणजे ज्या वयात लोहाची गरज वाढते, पाळी सुरू झालेली असते आणि दहावीचे वर्ष समोर उभे असते, त्याच वयात शाळेतले जेवण बंद होते. गावातला दानशूर, माजी विद्यार्थी, महिला बचत गट यांना मदत करायची असेल तर नववी-दहावीच्या मुलांसाठी रोज मूठभर शेंगदाणे, गूळ किंवा मोड आलेली मटकी एवढीही सुरुवात चालेल. ट्रॉफी आणि शालीपेक्षा हा खर्च अधिक उपयोगी ठरेल.

घरी करण्यासारखे बरेच आहे आणि ते महागही नाही. नाचणी, बाजरी, मटकी, हरभरे, राजगिरा, अळीव, तीळ, पालेभाज्या यांतून लोह मिळते. वनस्पतींतले लोह शरीरात सहजी शोषले जात नाही, पण त्याच घासात ‘क’ जीवनसत्त्व असेल तर शोषण वाढते. म्हणून उसळीवर लिंबू पिळावे, डब्यात पेरूची फोड किंवा आवळा ठेवावा. उलट जेवणाला लागून घेतलेला चहा लोहाचे शोषण रोखतो. त्यामुळे चहा आणि जेवण यांत तासाभराचे अंतर ठेवणे चांगले. मांसाहार करणाऱ्या घरांत मटण, कलेजी, सुकट यांतले लोह अधिक सहज शोषले जाते आणि त्यातला वाटा मुलीच्या ताटातही पडायला हवा. लोखंडी तव्यावर किंवा कढईत केलेल्या भाजीतही थोडे लोह उतरते.

प्रत्येक रक्तक्षय लोहाच्या कमतरतेचाच असतो असेही नाही. ‘ब-12’ जीवनसत्त्व किंवा फॉलिक आम्ल कमी असेल तरी हिमोग्लोबिन घटते. राज्यातल्या काही समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक आजार आढळतो. काही घरांत थॅलेसेमियाचे वाहक असतात. गोळ्या नियमित घेऊनही आकडा वाढत नसेल किंवा पाळीत रक्तस्राव फार होत असेल तर ग्रामीण रुग्णालयात दाखवावे आणि कारण शोधून घ्यावे.

हे सगळे मुलांनी फक्त ऐकायचे नसते, ते स्वतः मोजूनही पाहता येते. याचे उदाहरण पुणे जिल्ह्यातच आहे. शिरूर तालुक्यातल्या पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. शाळकरी मुलांनी हाताने काम करत विज्ञान शिकावे, या विचारातून तिथे मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम उभा राहिला आणि पुढे अनेक माध्यमिक शाळांमध्ये गेला. वेल्डिंग, शेती, वीजजोडणी यांच्या जोडीला त्यात गृह आणि आरोग्य हा विभाग आहे आणि त्यात रक्तगट व हिमोग्लोबिन तपासण्याचे शिक्षण आहे. जुन्या साहली पद्धतीत रक्ताचा थेंब सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात मिसळतात, तो तपकिरी होतो आणि शेजारच्या काचेच्या रंगाशी जुळेपर्यंत त्यात थेंब थेंब पाणी घालतात. आज याहून अचूक यंत्रे आहेत. पण रंग जुळवताना मुलीला जे कळते ते पाठ्यपुस्तकातल्या आकृतीने कळत नाही. अर्थात रक्ताला हात लावायचा तो प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखाली, दर वेळी नवी निर्जंतुक सुई वापरून आणि पालकांची संमती घेऊनच.

मग ही बातमी फळ्यावर यावी का? नावानिशी कधीच नाही. कोणाचे हिमोग्लोबिन किती, हे त्या मुलीचे, तिच्या घरच्यांचे आणि डॉक्टरांचे गुपित. परिपाठात ते वाचून दाखवले तर आजार राहील बाजूला आणि चिडवणे सुरू होईल. लोह कमी असणे हा दोष नाही आणि जास्त असणे ही कामगिरीही नाही. पण ‘या आठवड्यात दहावी ‘अ’ मधल्या सगळ्यांनी जेवणानंतर गोळी घेतली’ ही बातमी वाचायला काय हरकत आहे? किंवा ‘आज नववीतल्या सगळ्यांनी काहीतरी खाऊन शाळेत पाऊल टाकले’? यात कोणी पहिले नाही, कोणी शेवटचे नाही आणि टाळ्या मात्र सगळ्या वर्गाला मिळतात.

शिष्यवृत्तीत चमकलेल्या मुलीचे नाव फळ्यावर यायलाच हवे. तिच्याच बाकावर बसणारी, तिच्याइतकाच अभ्यास करणारी पण दुपारी डोळे मिटणारी मुलगीही त्याच शाळेची आहे. तिला आणखी एका शिकवणीपेक्षा आठवड्याला एक निळी गोळी, डब्यात मटकीची उसळ आणि वर्षातून एकदा रक्ताची तपासणी यांची अधिक गरज असू शकते.